गाडीचं ठरलं की

३ जानेवारी

नवी वही. पहिलं पान गाडीला. ही वही माझ्याशिवाय कोणी उघडणार नाही, तेव्हा मोकळेपणाने लिहून टाकतो: आमच्या घरात अभ्यास करून निर्णय घेणारा माणूस एकच आहे.

परिस्थिती अशी. गेल्या वर्षी आई बाथरूममध्ये पडली. तेव्हापासून उजव्या पायात सळई. गुडघा वाकत नाही. आमच्या लहान गाडीत तो पाय मावत नाही, आणि कसाबसा कोंबला तर व्हीलचेअर मावत नाही. मावशी, म्हणजे आईची एकुलती एक धाकटी बहीण, राहते तीनशे दहा किलोमीटरवर. चार वर्षं दोघींची भेट नाही. त्यात मावशी हल्ली विसरायला लागली आहे. मावसभाऊ सांगत होता, परवा तिने एकाच दिवशी दोनदा अंघोळ केली आणि दोन्ही वेळा पहिलीच समजून. डॉक्टर म्हणतात, हे वाढतच जाणार. आईचं म्हणणं एवढंच, की ती मला विसरायच्या आत एकदा नेऊन आण.

उपाय सोपा आहे. मागे लांबलचक डिकी असलेली, घरच्या चार माणसांची, पेट्रोल कमी पिणारी गाडी. इस्टेट म्हणतात तिला. संकल्प: फेब्रुवारीच्या पंधरा तारखेच्या आत गाडी दारात. चालवणार मी.

५ जानेवारी

रात्रीच्या जेवणाला संकल्प जाहीर केला. ही म्हणाली, एवढं कशाला, ड्रायव्हरसकट मोठी गाडी भाड्याने घेऊ, येत्या रविवारी जाऊन येऊ. बायकांना तात्पुरतं फार सुचतं. तीनशे दहा किलोमीटर आईला परक्या माणसाच्या हाती द्यायचं? मी स्पष्ट नाही म्हटलं.

कन्या म्हणाली, बाबा, तुम्ही शेवटची गाडी कधी चालवली होती? हिने तिला पोळी वाढली. मीही पोळी मागून घेतली.

आईने मावशीला फोन केला. मुलगा गाडी घेतोय, गाडीचं ठरलं की येतेच म्हणून सांगितलं. मोठ्या अभिमानाने सांगत होती. मला बरं वाटलं.

१२ जानेवारी

वहीत तक्ता आखला. सत्तावीस रकाने. ॲव्हरेजसाठी चार: शहरात, हायवेला, एसी लावून, एसी न लावता.

कंपन्या छापतात त्या आकड्यांना मी भुलणाऱ्यांतला नाही. सव्वीस वर्षं वजनमापे खात्यात निरीक्षक आहे. पंपावर जायचं, पाच लिटरच्या सरकारी मापात पेट्रोल ओतून घ्यायचं, रेघेच्या खाली भरलं की मशीनला सील. पंपवाले मला लांबून ओळखतात आणि चहा विचारतात. मी घेत नाही. सांगायचा मुद्दा, दुसऱ्याने सांगितलेला आकडा मी आजवर मानलेला नाही, आणि आईच्या बाबतीत तर नाहीच नाही.

तीन गाड्या निवडल्या. पांढरी, राखाडी, विटकरी.

१८ जानेवारी

पांढरीच्या शोरूममध्ये गेलो. सोबत पाच लिटरचं माप नेलं होतं. टायवाल्या सेल्समनला सांगितलं, टाकी पूर्ण रिकामी करा, मी स्वतः मोजून पाच लिटर भरतो, मग गाडी बंद पडेपर्यंत फिरू. त्याने मॅनेजरला बोलावलं. मॅनेजरने त्याच्या मॅनेजरला. शेवटी असं ठरलं की टाकी आहे तशीच राहील आणि ते मला कॉफी देतील. परीक्षेला उतरायची तयारी नसली की माणसं अशीच गोड बोलतात.

टेस्ट ड्राइव्हला टायवाला म्हणाला, सर, तुम्ही बसा ना स्टिअरिंगवर. मी म्हटलं, माझं लक्ष आकड्यांवर पाहिजे, तूच चालव. अर्धा तास फिरलो. कंपनी म्हणते चोवीस, डॅशबोर्डवर आलं एकोणीस पूर्णांक आठ. मी चालवली असती तर चोवीस आलं असतं. पण शास्त्रीय चाचणीत स्वतःला मध्ये आणायचं नसतं.

२ फेब्रुवारी

राखाडीची टेस्ट ड्राइव्ह. सेल्समनने चालवली. अठरा पूर्णांक नऊ.

मापं मात्र चोख घेतली. मागची सीट दारापासून दारापर्यंत १२८ सेंटीमीटर. घरी येऊन आईला पलंगावर भिंतीला टेकवून बसवलं. पाठीपासून टाचेपर्यंत १०४. म्हणजे सीटवर आडवी बसली की पाय सरळ, वर २४ सेंटीमीटर शिल्लक. आई मोजू देत होती निमूटपणे. मध्येच म्हणाली, तुझे शाळेचे बूट घेताना मी असाच तुझा पाय मोजायची, पुठ्ठ्यावर. मी म्हटलं, हलू नकोस, टेप सरकते.

आसनव्यवस्था वहीत उतरवली. ड्रायव्हर: मी. शेजारी: ही. मागे: आई आणि तिच्या पायाशी उरलेल्या जागेत कन्या. कन्या तशी बारीक आहे.

११ फेब्रुवारी

वजन वाढलं की ॲव्हरेज घटतं, हे लोक लक्षातच घेत नाहीत. ऑफिसातला प्रमाणित काटा दोन दिवसांसाठी घरी आणला. व्हीलचेअर १४ किलो ३००. आई खुर्चीसकट ७५ किलो ८००. कन्येने काट्यावर उभं राहायला नकार दिला. ही म्हणाली, माझं वजन तुम्हाला कळायचं असेल तर मी गेल्यावर कळेल. मी ७८ किलो ४००. उद्यापासून संध्याकाळचा भात बंद.

मावशीचा फोन आला होता. एकच गोष्ट तीनदा सांगितली म्हणे. आईने तिन्ही वेळा पहिल्यांदाच ऐकल्यासारखं केलं.

१५ फेब्रुवारी

आज गाडी दारात येणार होती. आली नाही. पण तक्ता जवळजवळ भरला आहे.

भात चालू केला. उपाशीपोटी निर्णय चुकतात.

२७ फेब्रुवारी

खालच्या मजल्यावर एक रिटायर्ड गृहस्थ राहतात. बिल्डिंगमध्ये सगळे त्यांना सर्वज्ञ म्हणतात. गाड्यांमधलं त्यांना काही कळत नाही, उंटावरून शेळ्या हाकायची सवय. पण आज लिफ्टमध्ये एक गोष्ट बोलले ती विचार करण्यासारखी होती. विटकरी कंपनी तीन महिन्यांत नवं मॉडेल काढतेय, पेट्रोल आणि बॅटरी दोन्हीवर चालणारं. ॲव्हरेज अठ्ठावीस. मला एकदम हलकं वाटलं. म्हणजे आत्ता काहीही घेणं चूकच ठरलं असतं.

घरात सांगितलं. हिने भांडी जरा जोरात घासली. आई म्हणाली, तीन महिने काय, असे जातील.

९ मार्च

मावशीने आज फोनवर बाबांची चौकशी केली. बाबांना जाऊन नऊ वर्षं झाली. आई म्हणाली, बरे आहेत, झोपलेत. फोन ठेवल्यावर बराच वेळ खिडकीशी बसून होती.

मी तिला विटकरीचं माहितीपत्रक दाखवलं. रंग छान आहे म्हणाली.

२२ मार्च, सकाळी

हिने आगाऊपणा केला. मला न विचारता भाड्याची मोठी गाडी ठरवली. आजची. गाडी सात वाजता खाली येऊन उभी. आईची पिशवीसुद्धा भरलेली, वर तिचा गुलाबी स्वेटर.

मी खाली जाऊन ड्रायव्हरला साधे चार प्रश्न विचारले. टायरमधली हवा शेवटची कधी तपासली? ब्रेक ऑइल कधी बदललं? ताशी किती वेगाने जाणार? ॲव्हरेज किती देते? शेवटच्या प्रश्नाला तो हसला. म्हणाला, साहेब, पेट्रोल माझं जाणार आहे, तुम्हाला काय करायचंय? असल्या माणसाच्या हाती आईला द्यायचं? मी त्याला परत पाठवला.

वर आलो तर ही भयंकर चिडलेली. आईने तिला थांबवलं. म्हणाली, असू दे गं, तो माझ्यासाठीच करतोय सगळं, त्याचं मन नको मोडूस. शेवटी आईलाच कळतं. तिने स्वतःच पिशवी रिकामी केली. स्वेटर कपाटात लांब ठेवायला मला सांगितला. मी वरच्या खणात ठेवला.

दुपारी मावशीला फोन. गाडीचं ठरलं की येतेच, आईने सांगितलं. मावशीने म्हणे तीनदा विचारलं, कुठली गाडी, कोण घेतोय.

६ एप्रिल

कन्येने ड्रायव्हिंग लायसन्स काढलं. पहिल्या फटक्यात पास. आजकाल कोणालाही देतात.

माझं लायसन्स मी एकदाही संपू दिलेलं नाही, हे इथे नोंदवून ठेवतो. चालवत नाही ते वेगळ्या कारणाने. चालवताना माझ्या डोक्यात विचार चालू असतात. आठ वर्षांपूर्वी चढावरच्या सिग्नलला गाडी मागे गेली आणि दूधगाडीला टेकली, त्यात साठ टक्के चूक दूधगाडीचीच होती. तो इतका जवळ उभाच का राहिला? चाळीस क्रेट दूध रस्त्यावर. बाबांना जाऊन वर्ष व्हायचं होतं, आणि कन्या मागच्या सीटवर होती. तिला काही झालं नाही. फक्त ओरडली.

त्यानंतर तशी गरजच पडली नाही. हिला चालवायला आवडतं.

१९ एप्रिल

विटकरीचं नवं मॉडेल लांबणीवर. कंपनीने म्हणे काही सुटे भाग मिळत नाहीत म्हणून हात वर केले. सर्वज्ञांना लिफ्टमध्ये गाठलं तर म्हणाले, मी तीन महिने म्हटलंच नव्हतं. यापुढे लिफ्टमध्ये कोणाचं ऐकायचं नाही, कानाला खडा.

पुन्हा पांढरी आणि राखाडी. पांढरी ॲव्हरेजमध्ये शून्य पूर्णांक नऊने पुढे, राखाडी डिकीत अकरा लिटरने. तक्त्यात दोघींना सारखेच गुण पडतात. तीनदा बेरीज केली.

४ मे

फोनवर मावशी आईला तुम्ही म्हणाली. कोण बोलताय आपण, असं. आईने नाव सांगितलं. तर म्हणाली, अगंबाई, माझ्या बहिणीचंही हेच नाव.

आईने हे जेवताना सांगितलं, जरा हसूनच. मग म्हणाली, साठ वर्षांत ती मला तुम्ही म्हणाली नव्हती रे.  मी जेवण अर्धं टाकून उठलो आणि चौथ्यांदा बेरीज केली.

५ मे

पांढरी बुक केली. खरं सांगायचं तर हिने केली. मी ऑफिसातून फोनवर, डिकीचा दिवा आणखी एकदा बघून घे, म्हणेपर्यंत तिने सही केलेली होती. रीतसर निर्णय माझाच. तक्त्यात पांढरीला तसाही अर्धा गुण जास्त देणार होतो.

आठ आठवड्यांचं वेटिंग. जानेवारीत बुक केली असती तर लगेच होती म्हणे. सेल्समन काहीही सांगतात.

२० मे

संकल्प: गाडी यायच्या आत हात बसवून घ्यायचा. रोज सकाळी सहा वाजता हिच्या लहान गाडीवर, रिकाम्या रस्त्यावर.

२१ मे

आभाळ भरून आलं होतं. उद्यापासून.

२९ मे

आज बसलो. आरसे लावले. सीट पुढेमागे करून योग्य अंतर काढलं. बेल्ट लावला. वीस मिनिटं सगळं तपासलं. इंजिन चालू केलं नाही, कारण सकाळी सकाळी शेजाऱ्यांची झोपमोड. आत बसून बरं वाटलं.

१२ जून

मावशी आता फोनवर येत नाही. मावसभाऊ म्हणाला, तिला फोन कानाला लावला की घाबरते, आवाज कुठून येतो ते तिला कळत नाही. पण दिवसभर दारात खुर्ची टाकून बसते. कोणाची तरी वाट बघत असते, कोणाची ते सांगत नाही.

आईने मला विचारलं, अजून किती दिवस? मी म्हटलं, अठरा. तिने बोटांवर मोजून बघितले.

३० जून

गाडी आली. पांढरीशुभ्र, लांबच लांब. सगळी बिल्डिंग खाली. सर्वज्ञांनी दार उघडझाक करून ॲव्हरेज किती देते विचारलं. मी वही दाखवली.

शोरूमपासून घरापर्यंत हिने चालवली. मी शेजारी बसून आकडे घेतले. चार किलोमीटर, सतरा पूर्णांक दोन. नवीन इंजिन असंच असतं.

शनिवारी सकाळी सहाला निघायचं. चालवणार मी.

४ जुलै, सकाळी ५.५०

पिशव्या खाली गेल्या. आईने गुलाबी स्वेटर घातलाय. पाचलाच तयार होऊन बसली होती. लहान मुलगी सहलीला निघावी तशी दिसतेय. किल्ली माझ्या खिशात आहे.

४ जुलै, सकाळी ७.३०

झालं ते क्रमाने लिहितो.

पार्किंगमधून रस्त्यावर यायला एक चढ आहे. तेवढाच चढ. आई मागे आडवी बसलेली, दाराला उशी, पाय सीटवर सरळ. माप तंतोतंत. मी गाडी चालू केली. चढावर घेतली. बंद पडली. पुन्हा चालू केली. बंद. तिसऱ्यांदा ती मागे जायला लागली. मी ब्रेक दाबला असावा, कारण ती थांबली. कोणी ओरडलं नाही. कन्या बाहेर भिंतीशी उभी होती, तिने दोन्ही हात तोंडावर दाबून धरले होते.

माझे हात स्टिअरिंगवरून निघेनात. घामाने शर्ट पाठीला चिकटला. मला पुढे जाता येत नव्हतं आणि मागेही. तेव्हा मागून आई म्हणाली, राहू दे रे बाळा. जानेवारीपासून मला माहीत आहे, तुला भीती वाटते. झोपाळ्यावर बसवलं की तू असाच कड्या धरून ठेवायचास. उतर, सूनबाई चालवेल.

मी उतरलो. सहा महिने माहीत होतं तिला, आणि सहा महिने ती थांबली. मला तिच्याकडे बघवेना.

ही स्टिअरिंगवर बसली. आईच्या पायाशी शिल्लक असलेल्या २४ सेंटीमीटरमध्ये कन्या बसून बघायला गेली, तर आईचा पाय सरकायला लागला आणि आई कळवळली. एवढ्या जागेत माणूस बसत नाही. मी माणसाचं माप घेतलंच नव्हतं. उरली एकच सीट, पुढची. आईला वाटेत उतरवायला, बाथरूमला न्यायला बाई माणूस पाहिजे, आणि ही दमली तर गाडी चालवायलाही कोणीतरी पाहिजे. कन्या दोन्ही करू शकते. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. मग कन्येने विचारलं, बाबा, तुम्ही कुठे बसणार?

मी म्हटलं, मी नसल्याने ७८ किलो ४०० कमी होतील, ॲव्हरेज सुधारेल. कोणी हसलं नाही. आईने खिडकीतून हात बाहेर काढून माझ्या गालाला लावला. गाडी एका झटक्यात चढ चढून गेली.

तक्त्यात सत्तावीस रकाने होते. परत वर येऊन बघितले. बसणाऱ्या माणसांची संख्या हा रकाना आहे. त्यात मी चार लिहिलं होतं.

४ जुलै, दुपारी १

भात केला. लागला. तसाच खाल्ला.

४ जुलै, संध्याकाळी ६.४०

हिचा फोन. दुपारी पोचल्या. वाटेत दोनदा थांबल्या, दीड तास कन्येने चालवली. आईचा पाय अजिबात दुखला नाही. मापं तुमची बरोबर निघाली, हे हिने आपण होऊन सांगितलं. मी ॲव्हरेज विचारलं. ही म्हणाली, एकवीस पूर्णांक काहीतरी.

मग मावशीचं विचारलं.

मावशी दारात खुर्ची टाकून बसलीच होती. आईची खुर्ची तिच्या शेजारी नेऊन लावली. मावशीने ओळखलं नाही. आईने नाव सांगितलं, हात हातात घेतला, लहानपणी दोघी एका पांघरुणात झोपायच्या ते सांगितलं. मावशीने सगळं नीट ऐकून घेतलं. अहोजाहो करून पाणी विचारलं. स्वेटरला हात लावून, छान आहे म्हणाली. मग म्हणाली, बाई, तुम्ही बसा निवांत, पण मला दारातून हलता यायचं नाही. माझी बहीण यायची आहे. तिचा मुलगा गाडी घेतोय. फार हुशार मुलगा, सगळं मोजूनमापून करतो. गाडीचं ठरलं की ती येईलच.

मी विचारलं, मग आई काय म्हणाली?

ही म्हणाली, आई म्हणाल्या, हो, येईल. आणि दोघी अजून तिथेच बसल्या आहेत, दारात, रस्त्याकडे बघत.

फोन ठेवून पाऊण तास झाला.  तक्ता उघडून बसलोय. एकवीस पूर्णांक किती, ते विचारायचं राहिलं. तेवढा एकच रकाना रिकामा आहे.

उद्या विचारतो.